पसंतीक्रमाचे गणित

दहावीचा निकाल लागला की गिरगावच्या चाळींपासून परळ-लालबागपर्यंत घरोघरी एक सल्ला ऐकू येतो : "मोठ्या कॉलेजचे नाव पहिले घालू नकोस. ते मिळाले नाही, तर बाकीचीही हातची जातील!" देणारी माणसे वडीलधारी, म्हणून मुले तो मुकाट्याने ऐकतात. पण तो बरोबर आहे काय? थोडे गणित मांडून आपण तो तपासून पाहू.

पूर्वी मुंबईत अकरावीसाठी प्रत्येक कॉलेजात जाऊन निराळा अर्ज भरावा लागे. एकाच हुशार विद्यार्थ्याचे नाव चार-चार कॉलेजांच्या यादीत झळके. तो प्रवेश घेणार एकाच ठिकाणी. उरलेल्या तीन जागा पुढची यादी लागेपर्यंत अडकून पडत. २००९ साली मुंबई विभागात केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती आली आणि २०२५ मध्ये ती साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. आता अर्ज एकच, त्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि वाटप करतो संगणक.

तो वाटप कसे करतो? समजा, रुईया, रुपारेल, कीर्ती आणि महर्षी दयानंद या चार कॉलेजांत एकेकच जागा आहे. (नावे खरी, जागा, गुण आणि आवडीनिवडी सोयीसाठी कल्पिलेल्या.) विद्यार्थीही चार. गिरगावच्या मुलीला ५०० पैकी ४६० गुण, दादरच्या मुलाला ४५५, परळच्या मुलीला ४५० आणि लालबागच्या मुलाला ४४०. गिरगाव आणि दादर या दोघांचा क्रम सारखाच : रुईया, रुपारेल, कीर्ती, महर्षी दयानंद. परळच्या मुलीचा क्रम रुपारेल, कीर्ती, महर्षी दयानंद. लालबागच्या मुलाचा कीर्ती, महर्षी दयानंद, रुपारेल.

पहिली रीत गुणानुक्रमाची. सर्वांत जास्त गुण असलेल्याला आधी विचारायचे, मग त्याच्या खालच्याला. गिरगावच्या मुलीला रुईया मिळते. दादरच्या मुलाची रुईया गेली, म्हणून त्याला रुपारेल. परळच्या मुलीला कीर्ती, आणि लालबागच्या मुलाला महर्षी दयानंद.

दुसरी रीत अशी : आधी सर्वांच्या फक्त पहिल्या पसंती पाहायच्या आणि त्या जागा कायमच्या देऊन टाकायच्या. मग रुईया गिरगावला, रुपारेल परळला, कीर्ती लालबागला. दादरचा मुलगा रुईयासाठी थांबला आणि त्याचे पुढचे दोन्ही पर्याय त्याच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलांकडे गेले! त्याला उरते महर्षी दयानंद. त्याने मनातली आवड लपवून रुपारेल पहिले लिहिले असते, तर ते त्याला मिळाले असते. म्हणजे या रीतीत वडीलधाऱ्यांचा सल्ला अगदी योग्य ठरतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या शाळांत ही रीत अनेक वर्षे होती. खरी आवड सांगणाऱ्याचे नुकसान होते हे लक्षात आल्यावर २००५ मध्ये ती सोडून देण्यात आली.

आपल्याकडच्या वाटपाचे मूळ तत्त्व मात्र पहिल्या रीतीचे आहे. तिच्यात तुमची पाळी येते तेव्हा कोणत्या जागा शिल्लक आहेत, हे तुमच्या वरच्या विद्यार्थ्यांनी आधीच ठरवलेले असते. तुम्ही यादी कशीही लिहा, त्या जागा बदलत नाहीत. संगणक फक्त तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि शिल्लक असलेली पहिली जागा तुम्हाला देतो. मग नावडते कॉलेज वर लिहून काय साधणार? फार तर ते मिळेल! २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागे, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होई. भीतीपोटी 'सुरक्षित' नाव पहिले लिहिणारा स्वतःच आपली दारे लावून घेतो.

सल्ल्यात थोडे तथ्य आहे, पण ते यादीच्या तळाशी. त्याच वर्षी जास्तीत जास्त १० पसंती देता येत होत्या. दहाही नावे आवाक्याबाहेरची असली, तर त्या फेरीत हाती काहीच लागत नाही. म्हणून खात्रीची नावे हवीत, पण शेवटी.

'कट-ऑफ' हा शब्दही असाच फसवा आहे. पुष्कळांना वाटते, कॉलेज तो आधी ठरवते. आपल्या उदाहरणात कीर्तीचा कट-ऑफ पहिल्या रीतीत ४५०, दुसरीत ४४०. कॉलेजने काहीच ठरवले नाही! शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षीचा आकडा अंदाजाला उपयोगी. तो प्रवेशाची अट नव्हे.

प्रत्यक्षात आरक्षित जागांची गुणवत्ता यादी निराळी असते, आणि संस्थांतर्गत, अल्पसंख्याक व व्यवस्थापन कोट्यांचा हिशेबही वेगळा. कॉलेजागणिक विद्यार्थ्यांचा क्रमच बदलला तर काय करायचे? डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली त्याची युक्ती दाखवली : जागा लगेच कायमची देऊ नका, तात्पुरती राखून ठेवा; वरच्या क्रमाचा उमेदवार आला की आधीच्याला त्याच्या पुढच्या पसंतीकडे पाठवा. कोणालाच हलवावे लागत नाही असे झाले की थांबा. शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, अॅल्विन रॉथ यांच्यासमवेत.

ही युक्ती वहीत आपल्या चार विद्यार्थ्यांवर चालवून पाहा. उत्तर पहिल्या रीतीचेच येईल. मग परळच्या मुलीला महर्षी दयानंदमध्ये क्रमाने पहिली धरा आणि पुन्हा करून पाहा. काही बदलते का? तिने तेच नाव पहिले लिहिले असते तर?