मरुभूमीच्या अंगणात (लेखांक 14) : काळपट सांडा, फिका सांडा

कोल्ह्याच्या बिळाबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं, पण कोल्ह्याला आठवडाभर थांबावं लागेल. सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. एप्रिलात ते जैसलमेरजवळ समच्या बाजूला फिरून गेले. 600 मिलिमीटरची लेन्स, भक्कम ट्रायपॉड, शटरचा वेग 2000. तरी सांड्याचे सगळे फोटो पाण्यातून काढल्यासारखे आले. लेन्स दुरुस्तीला टाकू का, असं ते विचारतात.

टाकू नका. लेन्स ठणठणीत आहे, घोटाळा हवेचा आहे. उन्हानं वाळू तापते, तिच्या लगतची हवा तापून विरळ होते आणि वर उसळते. तिच्या जागी वरची दाट हवा खाली येते. विरळ आणि दाट हवेतून जाताना प्रकाश कमीजास्त वाकतो, आणि ही उलथापालथ क्षणभरही थांबत नाही. ट्रायपॉडनं कॅमेरा स्थिर होईल, मधली हवा कशी होणार? उलट लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितका हा थरथराट मोठा होऊन दिसतो. त्यात तो जमिनीलगत सर्वांत जास्त. प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, पोटावर झोपा, असं मी या लेखमालेत सतत सांगत आलोय. सांड्याच्या बाबतीत नेमकी तीच पातळी सगळ्यात वाईट हवेची.

कोल्हा, खोकड पहाटे भेटतात, तेव्हा ही अडचण नसते. सांडा पडला सरडा. ऊन अंगात भरल्याशिवाय त्याचं काही चालत नाही. रात्री तो बिळाचं तोंड आतून मातीनं बंद करून झोपतो. ऊन चढलं की ती माती ढकलून डोकं तेवढं बाहेर काढतो आणि बराच वेळ नुसता बघत राहतो. वर लग्गर ससाणा फिरत असतो, त्यामुळे त्याला घाई परवडत नाही. मग काटेरी शेपटीसकट सगळा बाहेर येऊन उन्हाला अंग देतो. या वेळी तो काळपट असतो. गडद अंग ऊन लवकर शोषतं. पुरेसा तापला की रंग उतरतो, वाळूसारखा फिका होतो आणि मग चरायला निघतो. मोठा सांडा मुख्यतः पाल्यावर, फुलांवर जगतो.

माझ्या मते याहून चांगलं घड्याळ फोटोवाल्याला मिळणार नाही. सांडा काळपट आहे तोवर जमीनही फारशी तापलेली नसते. तेवढ्यात फोटो उरका. तो फिका पडला की कॅमेरा पिशवीत टाका आणि डोळ्यांनी बघा. बघण्यासारखं तर तेव्हाच सुरू होतं.

दुसरा उपाय अंतर कमी करण्याचा. मधे हवा कमी, तर थरथराटही कमी. आमच्या ढाणीमागं टाक्याच्या पलीकडे सांड्यांची वस्ती आहे. शेळ्यांची, माणसांची ये-जा रोजचीच, त्यामुळे ते थोडे सरावलेत. बीळ उघडण्याआधी केराच्या झुडपाआड जाऊन बसायचं, सावली बिळावर पडू द्यायची नाही आणि पाय आपटायचे नाहीत, जमिनीची धमक त्यांना लगेच कळते. जीपमधून फोटो काढणार असाल तर इंजिन बंद करा आणि बॉनेटवरून नेम धरू नका. तापलेल्या पत्र्यावरची हवाही तितकीच नाचते. वाळू उजळ असल्यानं कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो, म्हणून उजेड थोडा वाढवून ठेवा.

फोटो चांगला आला की तो दाखवावासा वाटणारच. पण सांड्याच्या शेपटीतल्या चरबीचं तेल काढून औषध म्हणून विकणारे अजून आहेत. पकडलेला सांडा पळू नये म्हणून हे लोक त्याचा कणा मोडतात. सांड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तरी हे चालतं. सांडे एकाच जागी वस्ती करून राहतात, त्यामुळे एका बिळाचा पत्ता म्हणजे सगळ्या वस्तीचा पत्ता. ते तेल कुणी कितीही गुण सांगितले तरी घेऊ नका. आणि मला किंवा कुणालाही फोटो पाठवताना गावाचं नाव लिहू नका, मोबाइलमधली जागेची नोंदही बंद करून ठेवा.