पुण्याच्या दरबाराचं चित्र, चांद्याहून पाहताना

इतिहासाच्या तासाला तह आले की मी एका जुन्या चित्राची छापील प्रत काढतो आणि मधोमध वहीचं पान ठेवतो. सवाई माधवराव, नाना फडणवीस, इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सगळे झाकले जातात. मग पोरांना विचारतो, आता उरलं कोण?

शनिवारवाड्यातल्या गणपती रंगमहालातला हा प्रसंग १७९० चा. पेशवे, निजाम आणि कंपनीनं मिळून टिपूवर चालून जायचं, जिंकलेला मुलूख सारखा वाटून घ्यायचा, असा ठराव. म्हणजे तह कसला, लढाईची तयारीच! टॉमस डॅनियलनं ते रंगवलं १८०५ च्या सुमारास. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरनं तांब्याच्या पत्र्यावर उतरवून छापलं. डॅनियल त्या दरबारात नव्हताच. ज्याच्या रेखाटनांवरून त्यानं काम केलं, तो जेम्स वेल्सही पुण्यात नंतर आला. १७९० मध्ये पुण्यात चित्रं काढत होता तो गंगाराम तांबट. नोव्हेंबरात त्यानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. दरबाराचं चित्र मात्र त्याच्याकडे गेलं नाही.

आणि टिपूवरच्या त्या लढाईत कंपनीच्या गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेला बैलांवरून धान्य पोचवणारे बंजारे? मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी १७९१ मध्ये लुटलेला शृंगेरीचा मठ? चित्रातल्या कुणाचीही पगडी तिरकी झालेली नाही.

आमच्या भागावर ज्या तहाची रेघ पडली, तो देवगावचा. १७ डिसेंबर १८०३ ला नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी इंग्रजांना कटक दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि नदी हद्द झाली. बल्लारपूरचा गोंडराजांचा किल्ला याच वर्धेच्या काठावर आहे. पण चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंड राज्य भोसल्यांनी १७५१ मध्येच घेतलेलं, त्यामुळे देवगावला गोंडांना विचारणार कोण? पुढं मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याच्या कोटाला खिंडार पाडलं, किल्लेदार गंगासिंह लढताना पडला. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. ही नावं इथल्या पोरांना घरूनच ठाऊक असतात, शिकवावी लागत नाहीत.

नदीपलीकडचं राजुरा निजामाच्या राज्यात राहिलं. आमच्या जिल्ह्यात आलं ते १९५९ मध्ये. तिकडच्या एखाद्या पोराच्या घरी जमिनीचा जुना उर्दू कागद निघाला, की तो वाचणारा माणूस आजही शोधावा लागतो.