संघटनेचे बळ (लेखांक ६) : दिल्लीचा निर्णय, गावचा हिशेब

३१ डिसेंबर २०२१ रोजी दिल्लीत वस्तू व सेवा कर परिषदेची तातडीची बैठक भरली. दुसऱ्याच दिवसापासून कापडावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के होणार होता. अधिसूचना नोव्हेंबरातच निघाली होती आणि देशभरच्या दुकानदारांनी नव्या दराची तयारीही केली होती. बैठक संपली तेव्हा कापडावरची वाढ पुढे ढकलली गेली होती. चपला-बुटांवरची मात्र टळली नाही. एक हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा कर ठरल्याप्रमाणे ५ वरून १२ टक्क्यांवर गेला.

दोन्ही वाढी १७ सप्टेंबरच्या लखनौ बैठकीत एकत्रच ठरल्या होत्या आणि त्यांचे कारणही एकच दिले गेले होते. कच्च्या मालावर कर जास्त आणि तयार मालावर कमी, अशी उलटी रचना दोन्ही धंद्यांत झाली होती. कापडाच्या बाबतीत कृत्रिम तंतूवर १८ टक्के, त्याच्या सुतावर १२ आणि विणलेल्या कापडावर ५ टक्के कर होता. विणणाऱ्याने सूत घेताना भरलेला कर कापड विकताना पूर्ण वळता होत नसे, पैसा अडकून पडे. परिषदेने त्यावर उपाय काढला तो वरच्या टोकाला, म्हणजे तयार मालही १२ टक्क्यांत नेण्याचा. व्यापाऱ्यांचे म्हणणे होते की रचना सरळ करायचीच असेल तर खालच्या टोकाने करा, सुतावरचा कर उतरवा.

मग एक धंदा सुटला आणि दुसरा का अडकला? व्यापारी संघटनेच्या जिल्हा किंवा शहर शाखेने सरकारकडे आपली बाजू कशी मांडावी, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण अलीकडच्या काळात सापडत नाही.

सुरतेपासून सुरुवात करू. कृत्रिम धाग्याच्या कापडाची ही देशातली सर्वांत मोठी बाजारपेठ. फेडरेशन ऑफ सुरत टेक्स्टाइल ट्रेडर्स असोसिएशन, म्हणजे फोस्टा, ही तिथल्या व्यापाऱ्यांची संघटना. सुरतेच्या तत्कालीन खासदार दर्शना जरदोश त्याच वर्षी जुलैत केंद्रात वस्त्रोद्योग राज्यमंत्री झाल्या होत्या. त्यामुळे सुरतेचे गाऱ्हाणे दिल्लीत पोहोचायला अडचण नव्हती. पण गाऱ्हाणे पोहोचले म्हणून निर्णय बदलतो असे नाही, कारण जीएसटीचा दर ना वस्त्रोद्योग मंत्रालय ठरवते, ना एकटे अर्थ मंत्रालय. तो परिषद ठरवते आणि परिषदेत राज्यांचे अर्थमंत्री बसतात. ३० डिसेंबरला सुरतेच्या कापड बाजारांनी बंद पाळला, त्याची छायाचित्रे सगळीकडे झळकली. बैठक बोलावण्याचे कारण मात्र दुसरे होते. गुजरातच्या अर्थमंत्र्यांनी ही वाढ पुढे ढकलावी असे पत्र पाठवले, त्यावरून ही बैठक घेतली, असे निर्मला सीतारामन यांनी स्वतः सांगितले. बैठकीत इतर राज्येही त्याच सुरात बोलली.

बंदमुळे वातावरण तापले, पण विषय परिषदेपुढे आला तो राज्याच्या पत्रामुळे.

याचे मूळ राज्यघटनेच्या २७९ क कलमात आहे. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. निर्णयासाठी उपस्थितांच्या एकूण मतमूल्याचे तीन चतुर्थांश लागते. ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेश हजर असले तर एकेकाच्या वाट्याला सव्वादोन टक्क्यांहून थोडे कमी वजन येते. म्हणजे केंद्राचा प्रस्ताव अडवायला बारा राज्ये पुरतात, आणि राज्यांनी कितीही एकी केली तरी केंद्राच्या विरोधात ती प्रस्ताव मंजूर करून घेऊ शकत नाहीत. प्रत्यक्ष मतदान फार क्वचित होते. पहिले मतदान डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरील दराच्या वेळी झाले. एरवी सगळे सहमतीने चालते आणि म्हणूनच चार-सहा राज्यांनी ठामपणे नाही म्हटले तरी विषय पुढे ढकलला जातो.

जीएसटी येण्यापूर्वी अप्रत्यक्ष करांबद्दल अखिल भारतीय संघटनेचा अध्यक्ष अर्थसंकल्पापूर्वी दिल्लीत जाऊन निवेदन देई आणि शाखा त्याच्यामागे सह्या गोळा करी. आता मुंबई, गांधीनगर, चेन्नई, कोलकाता इथल्या शाखांचे काम मुख्यालयाच्या कामाइतकेच, किंबहुना काकणभर जास्त मोलाचे झाले आहे. ही गोष्ट अजून पुष्कळ संघटनांच्या कार्यकारिणींना उमगलेली नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या यंत्रमागधारकांचा प्रश्न परिषदेत मांडण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या प्रतिनिधीला आहे. त्याच्या हातात कोणता कागद असावा, हे या गावांनी ठरवायचे आहे.

पादत्राणांचे काय? उत्तर प्रदेशात विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि आग्रा हे देशातले पादत्राणांचे मोठे केंद्र त्याच राज्यात. निवडणूक जवळ आली की सरकार झुकते, या समजुतीप्रमाणे हा धंदा आधी सुटायला हवा होता. तसे घडले नाही. बाहेरून दिसते ते एवढेच, की कापडासाठी अनेक राज्यांनी एका वेळी एकच मागणी केली आणि पादत्राणांच्या मागे तशी फळी उभी राहिली नाही. निवडणुकीचा मोसम मदतीला येतो, पण पाच-सहा राज्यांत एकाच आठवड्यात एकाच मजकुराचे निवेदन देण्याची शिस्त नसेल तर तो मोसम वाया जातो.

आता निवेदनाविषयी. मंत्र्यांना शाल-श्रीफळ, सोबत बारा मागण्यांचे निवेदन आणि एक छायाचित्र, ही आपल्याकडची रूढ पद्धत. त्या बारांतली एकही मागणी पुढे सरकत नाही. मंत्रालयात फाइल कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून वर चढते. टिपणी तो लिहितो. त्याला लागते ते हे : कोणत्या अधिनियमाचे कोणते कलम, कोणत्या तारखेची अधिसूचना, नेमका कोणता शब्द बदलायचा, त्याने शासनाचे उत्पन्न किती घटेल आणि ते कुठून भरून निघेल. हे सगळे एका पानात देणारी शाखा त्याचे अर्धे काम करून देते. आमदाराचेही तसेच. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडायला त्याला आपल्या मतदारसंघातले आकडे हवे असतात : किती माग, किती कामगार, गेल्या वर्षभरात किती बंद पडले. हे आकडे मुख्यालयाकडे नसतात. ते गावातल्या शाखेकडेच असू शकतात आणि त्यासाठी सभासदांकडून दर तिमाहीला माहिती घेण्याची सवय लावावी लागते.

उत्पन्न कुठून भरून निघेल, हा प्रश्न टाळला की काय होते ते महाराष्ट्राने एलबीटीच्या वेळी पाहिले. जकातीच्या जागी आलेला हा स्थानिक संस्था कर १ एप्रिल २०१३ पासून पुण्यासह मोठ्या महापालिकांत लागू झाला. नाक्यावरची अडवणूक संपणार होती, पण विक्रीकर विभागाला हिशेब देणाऱ्या व्यापाऱ्याला आता महापालिकेच्या अधिकाऱ्यापुढेही वह्या ठेवाव्या लागणार होत्या. फेडरेशन ऑफ असोसिएशन्स ऑफ महाराष्ट्र, म्हणजे फाम, आणि शहरोशहरीचे व्यापारी महासंघ रस्त्यावर उतरले. एप्रिल-मे महिन्यांत बंद लांबत गेला. त्रास खरा होता, तरी किराणा आणि रोजच्या वस्तूंसाठी वणवण करणारा ग्राहक दिवसागणिक दुरावला. व्हॅटवरच थोडा अधिभार घ्या आणि दुसरी वसुली यंत्रणा नको, हा व्यापाऱ्यांचा पर्याय खरोखर विचार करण्याजोगा होता. बंदच्या गदारोळात तो लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. अखेर २०१४ साली सत्ता पालटली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. महापालिकांची भरपाई राज्याच्या तिजोरीतून आणि शहरांतल्या मालमत्ता व्यवहारांवरील एक टक्का अधिभारातून करण्यात आली, म्हणजे ओझ्याचा एक भाग घर घेणाऱ्याच्या खांद्यावर गेला. व्यापाऱ्यांच्या विजयाचा हा भाग संघटनांच्या भाषणांत येत नाही. तो यायला हवा, कारण पुढच्या वेळी शेजारच्या घर खरेदीदाराचा पाठिंबा मागायला जायचे असते.

विजेच्या दराचे व्यासपीठ वेगळे आणि शाखांना अधिक सोपे आहे. वीज अधिनियम २००३ च्या कलम ६४ नुसार दरप्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात आणि आयोगाला १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे हरकत नोंदवायला कोणाची ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांसाठी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांसाठी वीज हा खर्चातला मोठा भाग. प्रताप होगाडे यांनी वीज ग्राहक संघटनेच्या वतीने वर्षानुवर्षे याच मार्गाने महावितरणच्या आकड्यांची उलटतपासणी केली आहे. अशा सुनावणीत घोषणांना किंमत नसते. गळती किती, कृषिपंपांच्या नावावर दाखवलेला वापर खरा किती, असे प्रश्न पुराव्यानिशी लेखी मांडले की वीज कंपनीला उत्तर द्यावे लागते. ज्या शाखेकडे एक चांगला चार्टर्ड अकाउंटंट आणि एक चिकाटीचा अभियंता आहे, तिने अशा प्रत्येक सुनावणीला हजर राहिलेच पाहिजे.

या वाटेवर दोन मर्यादा आहेत आणि त्या ओलांडणाऱ्या शाखा आपल्याच सभासदांना खड्ड्यात घालतात. पहिली पैशाची. ‘काम करून घेण्यासाठी’ वर्गणी काढणे ही कित्येक बाजारपेठांतली जुनी रीत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कारावास आहे. दुसरी मर्यादा एकीच्या वापराची. सरकारपुढे एका आवाजात बोलण्याचा हक्क संघटनेला आहे, पण तीच एकी बाजारावर चालवण्याचा नाही. गोव्यातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेला स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये दंड केला. नवा स्टॉकिस्ट नेमताना आपले ना-हरकत पत्र हवे, असा तिचा आग्रह आयोगाने स्पर्धेला मारक ठरवला होता.

पक्षाचा प्रश्न तर प्रत्येक शाखेत येतो. अध्यक्ष एखाद्या पक्षाचा पदाधिकारी असला की सत्ता असेपर्यंत दारे उघडी असतात आणि सत्ता गेली की पाच वर्षे बंद. एलबीटी लागू करताना पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते, रद्द करताना देवेंद्र फडणवीस. ज्या संघटनांनी दोन्ही बाजूंच्या आमदारांना एकच कागद दिला होता, त्यांना मधल्या काळात नव्याने ओळख करून घ्यावी लागली नाही. पदाधिकाऱ्याने पक्षात जरूर असावे, मात्र निवेदनाच्या वेळी शाखेच्या शिष्टमंडळात दुसऱ्या पक्षाचा माणूसही शेजारी असावा, असा नियम घटनेतच लिहून ठेवणे शहाणपणाचे.

सभासदांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा सगळ्यात कठीण परीक्षा होते. २०२१ मध्येही कापडधंदा एकजिनसी नव्हता. ज्यांचा सुतावरचा कर अडकून पडत होता त्यांच्यापैकी काहींना १२ टक्क्यांची सरळ रचना सोयीची होती. सुती कापडवाल्यांना ती पूर्णपणे तोट्याची, कारण कापसावर आणि सुती सुतावर ५ टक्केच कर होता आणि उलट्या रचनेचा त्यांना त्रासच नव्हता. अशा वेळी शाखेने आधी घरात भांडून घ्यावे, मतभेद इतिवृत्तात नोंदवावेत आणि ज्यावर सगळे राजी आहेत तेवढेच बाहेर मागावे. तेव्हा सगळे राजी झाले ते ‘पुढे ढकला’ या मागणीवर. ती मान्य झाली आणि विषय कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाकडे गेला.

पुढे ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत परिषदेने कृत्रिम तंतूवरचा कर १८ वरून आणि त्याच्या सुतावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. रचना सरळ झाली ती खालच्या टोकाने, व्यापारी आधीपासून सांगत होते तशी. त्याच निर्णयाने अडीच हजार रुपयांपर्यंतची पादत्राणेही २२ सप्टेंबरपासून ५ टक्क्यांत आली. कापडावरचा ५ टक्के दर मधल्या काळात कधी वाढलाच नाही. स्वस्त चपलांवर मात्र जवळपास पावणेचार वर्षे १२ टक्के कर चालू राहिला.