बॉक्स बदलला, नेट आलं. मग बिघाड बॉक्समध्येच होता का?

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात स्वाश्रयी चल, आश्रयी चल आणि नियंत्रण हे शब्द पहिल्या दोन प्रकरणांतच येतात. आपण ते पाठ करतो, पेट परीक्षेत लिहितो आणि विसरतो. उदाहरण बहुतेक वेळा खताचं आणि पिकाचं असतं, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलालाही ते परकं वाटतं. म्हणून आज उदाहरण घरातल्या नेटचं घेऊ. घर गगनबावड्यातलं, माझ्या मावशीचं. मावसबहीण पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करते, तिची ऑनलाइन मुलाखत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होती, आणि जून सरता सरता परड्याकडच्या तिच्या खोलीतलं नेट संध्याकाळी जायला लागलं.

आधी या घरातलं नेट कसं फिरतं ते बघा. मोडेम आणि राउटर पुढच्या सोप्यात. मधल्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. त्यातून वायफाय मागच्या खोलीत पोहोचतं न पोहोचतं. पण केबल टीव्हीच्या काळात सोप्यातून मागच्या खोलीपर्यंत काळी कोअ‍ॅक्सियल तार टाकलेली होती, वळचणीखालून, घराच्या बाहेरून. अमेरिकेतून आलेल्या एका नातेवाइकाने मोका अडॅप्टरची जोडी आणून दिली. मोका म्हणजे मल्टिमीडिया ओव्हर कोअ‍ॅक्स. एक अडॅप्टर राउटरला, दुसरा मागच्या खोलीत, मध्ये तीच जुनी तार. टीव्हीच्या तारेवरून घरातल्या घरात नेट चालतं. केबल टीव्हीचे चॅनेल साधारण ८६० मेगाहर्ट्‌झच्या खाली असतात आणि मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात बोलतो, त्यामुळे एकाच तारेवर दोघं नांदतात. (तुमच्या घरी छपरावर डीटीएचची डिश असेल तर हा संसार जमणार नाही. डिशकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झमध्ये असतो, म्हणजे थेट मोकाच्या अंगावर. शिवाय त्या तारेतून डिशसाठी १३ किंवा १८ व्होल्टची वीजही जात असते. डिशच्या तारेला मोका जोडू नका.)

तर नेट जायला लागलं. दुरुस्तीला एक काका आले, त्यांनी मोडेम बदलला, नेट सुरू झालं. घरात निकाल लागला: बॉक्स खराब होता.

हा निकाल का पटू नये? मला यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक अडकलेल्या दिसतात.

पहिली अशी, की बॉक्स बदलताना फक्त बॉक्स बदलत नाही. मागची तार ओढली जाते, स्प्लिटरवरची पिन सैल होऊन पुन्हा आवळली जाते, तिच्या टोकावर चढलेला गंज घासून निघतो, सगळी यंत्रं बंद होऊन पुन्हा सुरू होतात. तुम्ही एक चल बदलला असं म्हणता, प्रत्यक्षात पाच बदललेले असतात. दुसरी गोष्ट, माणूस दुरुस्तीवाल्याला कधी बोलावतो? सगळ्यात वाईट दिवशी. सगळ्यात वाईट दिवसानंतरचा दिवस काहीही न करतासुद्धा बहुधा बरा असतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परत येणं म्हणतात, आणि औषधांच्या चाचण्यांत याच कारणासाठी औषध न दिलेला गट ठेवतात. तिसरी गोष्ट पाऊस. गगनबावडा ऐन घाटमाथ्यावर, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या तोंडाशी. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस इथे नवलाचा नाही. काका आले तेव्हा झड उघडली होती का, हे कुणी टिपून ठेवलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, जुना बॉक्स परत लावून बघायचा. बरोबर आहे, आणि तो खरंच चांगला प्रयोग आहे. अ, मग ब, मग पुन्हा अ. जुना बॉक्स लावूनही नेट नीट चाललं तर बॉक्स सुटला. पण नेट गेलं तर? तर बॉक्स दोषी ठरत नाही, कारण परत लावताना तुम्ही पुन्हा तारेला हात लावलात. म्हणून एक तिसरी फेरी लागते: बॉक्स तोच ठेवायचा, फक्त तार काढून पुन्हा लावायची. नुसत्या हात लावण्याचा परिणाम किती, हे त्यातून कळतं. ही फेरी प्रबंधांत फार क्वचित दिसते. कार्यशाळा घेतली आणि मुलांचे गुण वाढले असं लिहिणाऱ्याने, मुलांना नुसतं एकत्र बसवलं असतं तर किती वाढले असते, हे तपासलेलं नसतं.

खरं तर या घरात बॉक्सला हात न लावताच बरंच काही कळण्यासारखं होतं. पिंग ही आज्ञा तुम्हाला माहीत असेल: एक छोटा निरोप पाठवायचा आणि उत्तर येतं का, किती वेळात येतं ते बघायचं. लोक गूगलला पिंग करतात आणि उत्तर आलं नाही की नेट गेलं म्हणतात. पण मागच्या खोलीपासून गूगलपर्यंत निदान तीन टप्पे आहेत: खोली ते राउटर, राउटर ते सेवा देणाऱ्याचं पहिलं ठाणं, आणि तिथून पुढचं जग. तिन्हीकडे एकाच वेळी, दर काही सेकंदांनी पिंग चालू ठेवायचं आणि वेळेसकट फाइलमध्ये साठवायचं. एक लॅपटॉप मागच्या खोलीत, एक सोप्यात, दोन्ही तारेनं जोडलेले, म्हणजे वायफायचा गोंधळ मध्ये येत नाही. सोप्यातल्या लॅपटॉपला राउटर आणि बाहेरचं जग दोन्ही दिसतंय, आणि त्याच मिनिटाला मागच्या लॅपटॉपला राउटरसुद्धा दिसत नाही, असं झालं तर मोडेम निर्दोष. बिघाड त्या दोन अडॅप्टरांच्या मध्ये कुठेतरी. इथे नेमकं तेच निघालं, नवा मोडेम बसवून चार दिवस झाल्यावर.

एकाच ठिकाणाहून बघितलं तर आपली नजर खराब की समोरचं चित्र खराब हे कळत नाही, हे तत्त्व मोठ्या कामातही आहे. आरन शुलमन आणि नील स्प्रिंग यांचा ‘पिंगिन इन द रेन’ हा २०११ चा निबंध मिळवून वाचा. अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा आला की त्या भागातल्या घरगुती जोडण्यांना त्यांची यंत्रणा पिंग करायला लागायची, इशाऱ्याच्या आधी, दरम्यान आणि नंतरही, आणि तेही इंटरनेटवरच्या अनेक ठिकाणांहून. त्यांच्या प्राथमिक निष्कर्षात, स्वच्छ हवेच्या तुलनेत पावसात जोडणी तुटण्याची शक्यता दुप्पट आणि गडगडाटी वादळात चौपट आली. मला त्यात आकड्यांपेक्षा स्वच्छ हवेतली मोजणी जास्त आवडते. नुसतं पावसातलं मोजलं असतं तर कशाच्या दुप्पट हे कुठून सांगणार?

मात्र पिंगवर थांबू नका. मोका तारेची अवस्था बघून स्वतःचा वेग जुळवून घेतो. सिग्नल क्षीण झाला की तो प्रत्येक उपवाहकावर कमी बिट पाठवतो, पण जोडणी टिकवतो. म्हणजे तार दिवसभर सडत चालली तरी पिंगला सगळं आलबेल दिसतं आणि मग एका क्षणी सगळंच कोसळतं. बऱ्याच अडॅप्टरांच्या सेटिंगच्या पानावर दोन यंत्रांमधला प्रत्यक्ष वेग दिसतो. तो दर तासाला टिपला तर कोसळण्याआधीची घसरण हाती लागते. हो किंवा नाही असं उत्तर देणारं माप आणि किती असं उत्तर देणारं माप यांतलं निवडायची वेळ आली की दुसरं निवडा.

आता तार. कोअ‍ॅक्सियल तारेत मधोमध एक तार, भोवती फेसाळ प्लास्टिक, त्यावर पत्रा आणि जाळी, वरून काळं आवरण. टीव्हीच्या तारेचा प्रतिरोध, नेमकं बोलायचं तर इम्पिडन्स, ७५ ओहम असतो, आणि तो ठरतो मधल्या प्लास्टिकच्या गुणधर्मावर आणि मापांवर. त्या प्लास्टिकचा पराविद्युत स्थिरांक दोनच्या आसपास किंवा कमी, पाण्याचा सुमारे ८०. पिनेतून पाणी शिरलं की तेवढ्या जागेपुरता ७५ चा आकडा बिघडतो आणि सिग्नलचा काही भाग तिथूनच मागे फिरतो, आणखी काही भाग पाणीच खाऊन टाकतं. चुकून ५० ओहमची तार जोडली तरी परतावा काढता येतो: (५० − ७५) भागिले (५० + ७५), म्हणजे उणे ०.२, म्हणजे ४ टक्के ऊर्जा परत. पाण्याचं मात्र असं नेमकं गणित होत नाही, कारण ते जाळीतून वातीसारखं पुढे पुढे ओढलं जातं. त्यामुळेच पाऊस थांबून कडक ऊन पडलं तरी नेट लगेच सुधारत नाही, आणि घरातले म्हणतात, बघ, पावसाचा काही संबंध नाही. कारण आणि परिणाम यांच्यात एक-दोन दिवसांचं अंतर असेल तर त्याच दिवसाचा पाऊस आणि त्याच दिवसाचं नेट शेजारी मांडून काही दिसणार नाही.

पावसाचा आकडा घेतानाही जपून. आपल्याकडे दैनिक पाऊस सकाळी ८.३० ला मोजतात. १२ जुलैचा म्हणून छापलेला पाऊस हा ११ च्या सकाळी ८.३० पासून १२ च्या ८.३० पर्यंतचा. तुमची पिंगची फाइल मध्यरात्री पान उलटते. ११ च्या संध्याकाळी पडलेला पाऊस आकड्यात १२ तारखेला जातो, आणि तुम्ही अंतर शोधत असताना तेच एक दिवसाने सरकतं. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तालुकानिहाय पाऊस मिळतो. उतरवून घ्या, पण तारखा आधी जुळवा.

ठिकाण शोधायला अर्ध्यावर कापायची युक्ती वापरायची. आधी दोन्ही अडॅप्टर एका टेबलावर, मीटरभर नव्या तारेनं जोडून. इथेच अडखळले तर पुढचं सगळं फुकट. मग बाजारातून आणलेली नवी तार खिडकीतून तात्पुरती टाकून सोपा आणि मागची खोली जोडायची. या तारेवर नेट टिकलं तर जुन्या वाटेवरचं काहीतरी दोषी. जुन्या वाटेवर होतं काय? एक स्प्लिटर, बाहेरच्या भिंतीवरचा एक जोड, दोन पिना. स्प्लिटरवर ५–१००० मेगाहर्ट्‌झ छापलेलं होतं. म्हणजे मोकाच्या पट्ट्यात तो कसा वागेल याची हमी बनवणाऱ्यानेच दिलेली नाही. तो काढला तेव्हा वेग वाढला, पण संध्याकाळचं तुटणं तसंच राहिलं. दोन दोष एकाच वेळी असू शकतात, आणि पहिला सापडल्याच्या आनंदात दुसरा निसटतो. तुटणं थांबलं ते बाहेरचा जोड वगळल्यावर. तो उघडला तर जाळी हिरवट-काळी पडलेली आणि आत ओल. तार पागोळ्यांच्या रेषेत होती आणि उतार जोडाच्या दिशेने.

पण थांबलं हे किती दिवसांनी म्हणायचं? समजा पावसाळी संध्याकाळी तीनपैकी एकदा नेट जायचं. दुरुस्तीचा काहीच उपयोग झाला नसेल तरी सलग सात पावसाळी संध्याकाळ नुसत्या नशिबाने नीट जाण्याची शक्यता (२/३) चा सातवा घात, म्हणजे सुमारे ५.९ टक्के. आठ संध्याकाळी ती ३.९ टक्क्यांवर येते. नेहमीचा पाच टक्क्यांचा दंडक धरला तर निदान आठ, आणि त्याही पावसाच्या. कोरड्या संध्याकाळी मोजायच्या नाहीत. त्यातही या हिशोबात प्रत्येक संध्याकाळ स्वतंत्र धरली आहे, आणि गगनबावड्याची झड आठवडाभर एकसारखी असते. एकाच झडीतल्या आठ संध्याकाळी म्हणजे आठ वेगळे पुरावे नव्हेत. दोन झडींवर पसरलेल्या आठ असतील तर माझा विश्वास जास्त.

मुलाखत सातव्या दिवशी आली. बहिणीने आकड्यांवर भरवसा ठेवला नाही. ती सोप्यात, राउटरला तार लावून बसली, आणि मावशीने टीव्ही बंद ठेवला. तपास संपलेला नसताना तपासाचा निष्कर्ष वापरायची सक्ती नसते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मागची फाइल मात्र चालूच होती. पंधरा ऑगस्टपर्यंत त्या तारेवर एकदाही तुटण्याची नोंद नाही. बाहेरचा जोड आता नाहीच, तार सलग आहे, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथून निथळतं. जुन्या मोडेमचं काय, तर तो परत गेला. तो चांगला होता की वाईट, हे त्याला पुन्हा न लावता सांगता येणार नाही.