हवेची गन, बॅटरीची गन

कुठलीही गाडी दुरुस्त करायची तर आधी ती खोलावी लागते. ब्रेक पॅड बदलायचे असोत, सस्पेन्शनचे बुश बदलायचे असोत की गिअरबॉक्स उतरवायचा असो, सुरुवात नट-बोल्टपासूनच होते. आणि नट-बोल्ट गुमान सुटतील याची हमी कुणी देत नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत दहा-बारा पावसाळे काढलेल्या गाडीच्या कॅलिपरचा बोल्ट जवळून पाहावा. डोकं गंजून तपकिरी झालेलं, कोपरे झिजलेले, आटे घट्ट धरून बसलेले. अशा बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून वाट बघायची, मग पान्याला लोखंडी पाइप घालून दोघांनी जोर लावायचा, ही जुनी रीत. बोल्ट सुटला तर नशीब. नाहीतर डोकं तुटायचं आणि आत राहिलेला दांडा ड्रिल मारून काढण्यात अर्धा दिवस जायचा.

या कष्टातून मेकॅनिकची सुटका करणारं यंत्र म्हणजे इम्पॅक्ट रेंच, गॅरेजच्या भाषेत नुसती ‘गन’. कित्येक दशकं ती हवेवर चालत आली. आता ती बॅटरीवरही तितक्याच जोराने चालते. माझं मत आधीच सांगतो. आज नव्याने गॅरेज टाकणाऱ्याने नट-बोल्टच्या कामासाठी पहिली गन बॅटरीची घ्यावी. कंप्रेसरही लागेल, पण तो वेगळ्या कामांसाठी. हे मत पटण्यासाठी गन मुळात काम कशी करते ते आधी पाहायला हवं.

आतला घण, आतली ऐरण

गनच्या पोटात एक घण असतो आणि एक ऐरण. ऐरणीचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि त्यावर गोटी, म्हणजे नटाला धरणारं सॉकेट, बसते. नट मोकळा फिरत असतो तोवर घण आणि ऐरण एकत्र फिरतात. नटाने विरोध केला की ऐरण थांबते, मोटर मात्र फिरतच राहते. बॅटरीच्या गनमध्ये घणामागे एक दणकट स्प्रिंग असते. ऐरण अडली की घण तिरप्या खाचेतल्या पोलादी गोळ्यांवरून मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते, घण ऐरणीच्या कानावरून, म्हणजे बाजूच्या उंचवट्यावरून, निसटतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुढच्या कानावर आदळतो. हे मिनिटाला दोन-तीन हजार वेळा होतं. कानाला ऐकू येणारी ती ‘टर्रर्र’ म्हणजे हेच घाव.

सगळी करामत या घावांत आहे. मोटर नटाला सलग पिळत नाही, ती घणात वेग साठवते आणि तो क्षणार्धात नटाच्या स्वाधीन करते. घाव इतका अल्पकाळ टिकतो की त्याचा उलटा झटका हाताला फारसा जाणवत नाही. म्हणूनच हजार न्यूटन-मीटरचा पीळ देणारी गन एक माणूस हातात धरू शकतो. तेवढा पीळ सलग दिला असता तर नटाऐवजी मनगट फिरलं असतं. शिवाय घावाच्या कंपाने गंजाची पकड मोडते. पाइप लावून हळूहळू जोर वाढवला की जो बोल्ट तुटतो, तोच गनच्या ठोक्यांनी बरेचदा सुखरूप बाहेर येतो.

या यंत्राचा जन्म १९३० च्या दशकातला. त्याचं श्रेय अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या रॉबर्ट पॉट यांना दिलं जातं. त्या काळी हातात मावेल आणि दिवसभराच्या माराला पुरेल अशी शक्ती दाबाखालच्या हवेतच होती. विजेच्या मोटरी जड होत्या, अडल्या की तापून जळायच्या. हवेची मोटर अडली तर नुसती थांबते, तिचं काही बिघडत नाही. एका दंडगोलात फिरणारा रोटर, त्याच्या खाचांत पातळ पाती, आणि पात्यांना ढकलणारी ९० पीएसआय दाबाची हवा. एवढ्याशा सरंजामावर वाहन कारखान्यांच्या जुळणीच्या ओळी, टायरवाल्यांची दुकानं आणि मोठी गॅरेजं चालली. पुण्याशी तर हवेच्या यंत्रांचं नातं जुनं आहे. किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये पुण्यात उभी राहिली, आणि दापोडीला ॲटलास कॉप्कोचा कारखानाही अनेक दशकं आहे. इथल्या कामगारांच्या पिढ्या कंप्रेसरच्या आवाजात घडल्या. हवेच्या गनबद्दल बोलताना हे ऋण विसरता कामा नये.

हवा फुकट मिळत नाही

हवा फुकट असते, पण दाबाखालची हवा ही गॅरेजमधली सगळ्यात महागडी ऊर्जा आहे. वीज मोटर फिरवते, मोटर पिस्टन हलवते, पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि ती उष्णता टाकीच्या पत्र्यातून निघून जाते. उरलेली हवा पाइपातून, कपलरमधून, नळीतून गनपर्यंत येते. शेवटी नटापर्यंत पोचणारं काम हे मीटरवर मोजलेल्या विजेच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं. त्यात गळती वेगळी. देखभाल ढिली असलेल्या कारखान्यांत तयार हवेतली २० ते ३० टक्के हवा नुसत्या गळतीत जाते, हे ऊर्जा तपासणीतलं नेहमीचं निरीक्षण आहे. गॅरेज बंद करताना सगळं शांत झालं की कपलरमधून येणारी ‘सूंऽऽ’ ऐकावी. ते विजेचं बिल आहे.

दुसरा प्रश्न दाबाचा. हवेच्या गनच्या खोक्यावर छापलेला आकडा गन चालू असताना तिच्या तोंडाशी ९० पीएसआय दाब असेल तेव्हाचा असतो. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजात नळी लांब आणि बारीक, मध्ये दोन ठिकाणी क्लिप मारून जोडलेली. टाकीवरचा काटा १२० दाखवतो, पण घोडा दाबला की गनशी दाब धाडकन उतरतो. मोठी नावाजलेली गन आणूनही ‘जोर नाही’ अशी तक्रार होते, तिचं मूळ बहुतेक वेळा नळीत असतं. गनसाठी नवी नळी, मोठे कपलर, मोठी टाकी, मोठी मोटर असा खर्च वाढत जातो.

तिसरा प्रश्न पाण्याचा. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर टाकीखालचा नळ रोज सोडला नाही, तर तांबूस पाणी थेट गनमध्ये जातं. ते पात्यांवरचं तेल धुऊन काढतं आणि आतून गंज चढवतं. हवेच्या गनला म्हणून फिल्टर हवा, रोज तेलाचे चार थेंब हवेत. कामाच्या घाईत पहिला बळी या थेंबांचा जातो.

बॅटरीला दम कधी आला?

बॅटरीवरची अवजारं काही आजची नाहीत. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरचं ड्रिल आणलं. पुढे याच कंपनीने नासाच्या जेमिनी मोहिमांसाठी असा रेंच तयार केला की अंतराळात बोल्ट फिरवताना अंतराळवीरच उलटा फिरू नये. १९७८ मध्ये जपानच्या माकिताने ७.२ व्होल्टचं ड्रिल बाजारात आणलं. पण ही सगळी हलक्या कामाची अवजारं होती. निकेल-कॅडमियमच्या एका सेलचा दाब १.२ व्होल्ट. ट्रकचं चाक सोडवण्याइतकी ताकद हवी तर बॅटरीचं वजन हाताला पेलणार नाही, असा तो हिशोब होता.

हिशोब बदलला लिथियम-आयनने. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. २००५ च्या सुमारास अमेरिकेच्या मिलवॉकी कंपनीने २८ व्होल्टची लिथियम बॅटरी दणकट अवजारांत बसवली. या बॅटरीमागच्या विज्ञानासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरा बदल मोटरचा. जुन्या मोटरीत कार्बन घासून वीज आत जायची, कार्बन झिजायचे, ठिणग्या उडायच्या. ब्रशलेस मोटरीत कार्बनच नाहीत. इलेक्ट्रॉनिक सर्किट वीज योग्य क्षणी योग्य गुंडाळीत पाठवतं. मोटर लहान झाली, कमी तापू लागली आणि बॅटरीतली जास्त वीज कामी येऊ लागली.

आज दोन्ही गन समोरासमोर ठेवून पाहा. इंगरसोल रँडची २२३५ ही हवेवरची अर्ध्या इंचाची गन जगभरच्या मेकॅनिकांची लाडकी. सोडवताना तिचा जोर सुमारे १,८३० न्यूटन-मीटर सांगितला जातो. बॉशची १८ व्होल्टची बॅटरी-गन, जीडीएस १८व्ही-१०५० एच, आवळताना १,०५० आणि सोडवताना १,७०० न्यूटन-मीटर देते. छोट्या गाड्यांचे चाकाचे नट आवळायचे असतात साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला. गंजलेल्या नटाला याच्या कितीतरी पट जोर लागतो, पण तोही दोघींच्या आवाक्यात आहे. जोराचा वाद इथे संपतो.

विजेचा हिशोबही मांडून पाहावा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर बॅटरीत ९० वॉट-अवर वीज मावते. ३ एचपीचा कंप्रेसर पूर्ण भाराने चालला तर तेवढी वीज अडीच मिनिटांत संपवतो. त्या एका बॅटरीवर मेकॅनिक चाकामागून चाकं उतरवत जातो. कंप्रेसरला मात्र पहिल्या नटाआधीच टाकी भरावी लागते.

हात मोकळा होतो म्हणजे काय

आकड्यांपेक्षा मोठा फरक कामाच्या जागी दिसतो. हवेची गन जिथे नळी पोचते तिथेच चालते. गाडीखाली सरपटणाऱ्या मेकॅनिकच्या पाठीखाली ती नळी येते, जॅकच्या चाकात अडकते, रंगलेल्या दरवाजाला घासते. बॅटरीची गन घेऊन तो गाडीच्या चहूबाजूंनी फिरतो. कसारा घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेतात चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरपाशी कंप्रेसर नेणं म्हणजे टेम्पो करणं आलं. बॅटरीची गन पिशवीत मावते. ज्या गावात दुपारी वीज जाते, तिथे सकाळी चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या दिवस काढतात. नवख्या मेकॅनिकसाठी तर याचा अर्थ फार मोठा आहे. दुकानाचा गाळा, मोठी वीजजोडणी, कंप्रेसर हे काहीही नसताना तो ग्राहकाच्या दारात जाऊन धंदा उभा करू शकतो.

हवेची बाजूही खरी आहे, ती मांडायलाच हवी. हवेची गन हलकी असते. अर्ध्या इंचाची चांगली गन दोन किलोच्या आसपास, तर तेवढ्याच जोराची बॅटरीची गन बॅटरीसकट तीन किलोच्या पुढे. दिवसभर हात वर करून काम करणाऱ्याच्या खांद्याला हा एक किलो कळतो. हायवेवरच्या ज्या टायर दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत ट्रकची चाकं उतरतात, तिथे एक इंची हवेची गन अजूनही शोभते. तिला चार्जिंग लागत नाही आणि ती तापत नाही. फॉर्म्युला वनच्या पिटमध्येही चाकाच्या गन दाबाखालच्या वायूवरच चालतात. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली ती अशाच गननी. आणि टायरमध्ये हवा भरायला, रंग मारायला, धूळ उडवायला कंप्रेसर हवाच. आवाजाच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच. कानात प्लग दोन्हीकडे घालावेत.

घेताना, वापरताना

बाजारात गेलं की व्होल्टच्या आकड्यांचा गोंधळ उडतो. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. पाच सेल ओळीने जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ ला जातो, म्हणजे २१. त्यामुळे तीच पाच सेलची बॅटरी कुठे १८, कुठे २०, तर कुठे २१ व्होल्ट म्हणून विकली जाते. इथवर ठीक. पण स्वस्त गनांवर ४८ आणि ८८ असे आकडे छापलेले असतात आणि आत तेच पाच सेल निघतात. स्टिकर वाचू नये, बॅटरीवरचे वॉट-अवर वाचावेत, बॅटरी हातात घेऊन वजन पाहावं, आणि त्याच कंपनीची बॅटरी दोन वर्षांनी मिळेल का हे दुकानदाराला विचारावं. बॅटरी हा गनचा सगळ्यात खर्चिक भाग आहे, आणि तो झिजणारच आहे.

गाड्यांच्या कामाला सगळ्यात मोठी गन लागतेच असं नाही. ४०० ते ७०० न्यूटन-मीटरची मधली गन बहुतेक कामं करते आणि हाताला हलकी पडते. गोट्या मात्र काळ्या, इम्पॅक्टसाठीच्या घ्याव्यात. चकचकीत क्रोमच्या गोट्या हातपान्यासाठी असतात. ठोक्यांखाली त्या तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादाही साधारण तीच. कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, सावलीत निवू द्यावी. मेलेली बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात न टाकता परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नट सोडवायला गन उत्तम आहे, आवळायला ती अपुरी आहे. हवेची असो वा बॅटरीची, ठोक्यांनी किती पीळ बसला हे हाताला नेमकं कळत नाही. जास्त आवळलेला स्टड ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकडी होते, आणि एखाद्या रात्री रस्त्यात पंक्चर झालं की गाडीतल्या छोट्या पान्याने तो नट हलतही नाही. म्हणून गनने नट नुसता टेकवावा आणि समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याने, शेवटचा पीळ द्यावा. मेकॅनिकांना माझी विनंती आहे की बॅटरीची गन घ्याल त्याच दिवशी टॉर्क रेंचही घ्या. आणि गाडीमालकांना सांगणं आहे की चाक बसवताना टॉर्क रेंच लावायला सांगा, त्यासाठी दोन मिनिटं थांबा. तेवढा तुमचा हक्क आहे.