समाजमाध्यमे आणि मराठी मनोरंजनसृष्टी : एक विवेचन

प्रस्तावना :
कलाकृती प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याचा अधिकार दीर्घकाळ निर्माता, वितरक व दूरचित्रवाहिनी यांच्याकडे एकवटलेला होता. समाजमाध्यमांनी या मक्तेदारीस छेद दिला.

बदलाचे स्वरूप :
सन २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’ने यूट्यूबच्या आधारे मराठी विनोदाला वाहिन्यांबाहेरचा प्रेक्षक मिळवून दिला. संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ (२०२४) हे गीत कोणत्याही चित्रपटाच्या आधाराविना लोकप्रिय झाले. त्याच्या काही सेकंदांच्या तुकड्यावर असंख्य लोकांनी स्वतः नाचून रील तयार केले. म्हणजेच प्रेक्षक हाच प्रसारक झाला.

मर्यादा :
तथापि, तुकड्यात मावेल तेच पसरते. भुकूम ज्या तालुक्यात वसले आहे, त्या मुळशीतील जमीनविक्री व त्यातून भरकटलेली तरुणाई प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) मांडली. त्यातील ठेकेबाज गीत मोबाईलवर सहज फिरते. जमीन गमावलेल्या बापाची व्यथा समजण्यास मात्र संपूर्ण चित्रपटच पाहावा लागतो. शिवाय माध्यमावरील अवलंबित्वही धोक्याचे आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि केवळ त्यावरच विसंबलेल्या ग्रामीण कलावंतांनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एकाएकी हातचा गेला.

निष्कर्ष :
समाजमाध्यमांनी कलावंतास दार खुले केले; परंतु त्या दाराची किल्ली कलावंताकडे नाही. पूर्वी निवड वितरक करीत असे, आता ती संगणकीय गणित करते. म्हणूनच या माध्यमांचा चिकित्सक अभ्यास महाविद्यालयीन अध्यापनाचा भाग होणे अगत्याचे आहे.