एल्सिनोर: नवे भाग, जुनी गाडी

गाडी: होंडा सीआर२५०एम एल्सिनोर, १९७३. बाजारात विकायला आणलेली होंडाची पहिली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस. नाव कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरवरून. त्याच वर्षी गॅरी जोन्सने अमेरिकेचे २५० सीसी राष्ट्रीय विजेतेपद होंडावर जिंकले.

इंजिन: २४८ सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारे. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ६४.४ मिमी. गिअर पाच.

ही जुनी गाडी पुन्हा उभी करताना कोणता भाग कसा घडवतात किंवा दुरुस्त करतात?
- सिलिंडर: आत लोखंडी स्लीव्ह असल्याने रिबोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसतो. स्लीव्ह फारच झिजली, तर लेथवर नवी.
- एक्झॉस्ट: सर्वांत नाजूक काम. पत्र्याचे शंकू कापून, वळवून, वेल्ड करून एक्स्पान्शन चेंबर जोडतात. टू-स्ट्रोकमध्ये इथूनच परतणारी दाबलाट न जळलेले मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. लांबी किंवा उतार चुकला की ताकद भलत्याच आरपीएमला मिळते. चेपलेला जुना पाइप मापासाठी जपून ठेवतात.
- स्विंगआर्मचे बुश: फॉस्फर ब्रॉन्झचे, लेथवर.
- टाकी: अ‍ॅल्युमिनियमची. पोचे ठोकून काढतात, भेगा टिग वेल्डिंगने भरतात.

शब्दांतला फरक: जुना पण न वापरलेला कंपनीचा भाग म्हणजे ‘एनओएस’. त्याच मापाने आज घडवलेला भाग म्हणजे ‘रिप्रॉडक्शन’. जुन्या सांगाड्यात आधुनिक ब्रेक-सस्पेन्शन बसवले, तर ती गाडी ‘रेस्टोमॉड’.